आमचो दर्या गरम हा, मग सूट कित्याक?

थोडं लांब लिहितोय. मालवण, तारकर्ली, देवबाग, निवतीकडच्या मंडळींनी तरी शेवटपर्यंत वाचा. आणि नाताळच्या सुट्टीत पोराबाळांना घेऊन स्कूबाला येणाऱ्या मुंबई-पुणे-कोल्हापूरच्या पाहुण्यांनीही.

मागच्या आठवड्यात आमच्या एका व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो फिरत होता. एक कुटुंब, आईबाप आणि दोन मुलं, चौघंही स्वतःचे वेटसूट घालून बोटीवर बसलेली. खाली कमेंटांचा पाऊस. "अंटार्क्टिकाक चाललेत काय?" "पैशाचो माज." आणि सगळ्यात जास्त अंगठे मिळालेली कमेंट, "आमचो दर्या गरम हा, सूट कित्याक व्हयो?"

हसू मलाही आलं. पण ही शेवटची कमेंट फक्त विनोद नाही. आपल्याकडचा अख्खा धंदा याच समजुतीवर चाललाय. पाणी गरम आहे, म्हणून सूट फालतू. फाटका असला तरी चालतो, ढगळा असला तरी चालतो, लहान मुलाला मोठ्याचा घातला तरी चालतो, आणि गाईडला तर नसला तरी चालतो. याचा हिशेब कोण चुकता करतं, ते सांगायला ही पोस्ट.

माझ्याबद्दल दोन वाक्यं. घरचा छोटा निवास चालवतो. डायव्हिंग रीतसर शिकलोय, आणि सीझनमध्ये जमेल तेव्हा पाण्यात असतो. मालवणच्या किल्ल्यामागचे खडक, गोव्यातलं ग्रँड आयलंड, मुरुडेश्वरजवळचं नेत्राणी, एकदा अंदमान, एवढीच माझी दुनिया. म्हणजे सगळं गरम पाणीच. थंड पाण्यातल्या डायव्हिंगबद्दल बोलायला मी बसलेलो नाही.

आधी साधं गणित. आपलं शरीर आतून ३७ अंश. आपला समुद्र वर्षभरात साधारण २६-२७ ते ३० अंशांच्या मध्ये फिरतो. म्हणजे "गरम" पाणीसुद्धा शरीरापेक्षा सात ते दहा अंशांनी गारच. हवेत २७ अंश असले की आपण पंखा लावतो. पाण्यात तसं नसतं, कारण पाणी हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगानं उष्णता वाहून नेतं. पहाटे टाकीतल्या पाण्याची बादली अंगावर ओतून बघा. तेही २५-२७ अंशांचंच असतं. पहिल्या तांब्याला श्वास वर जातो की नाही? आता त्याच बादलीत चाळीस मिनिटं बसायचं, फार न हलता, असं समजा. डायव्हिंग म्हणजे तेच. पोहताना हातपाय मारून अंग तापतं. डायव्हर मुद्दाम कमी हलतो, हवा पुरावी म्हणून. त्यामुळे पहिली दहा मिनिटं छान वाटतं, पंचविसाव्या मिनिटाला बोटं जड होतात, आणि वर आल्यावर कडक उन्हातही दात वाजतात.

आता सूट काय करतो ते. पुष्कळ जणांना वाटतं की वेटसूट पाणी आत येऊ देत नाही. येऊ देतो. नावातच "वेट" आहे, म्हणजे ओला. ऊब देतं ते निओप्रीन नावाचं फोमसारखं रबर. त्यात गॅसचे लाखो बारीक बुडबुडे कोंडलेले असतात, आणि ते उष्णता अडवतात. आत शिरलेला पाण्याचा पातळ थर अंगाच्या उबेनं तापतो आणि सूट घट्ट असेल तर तिथंच राहतो. हे डोकं १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला ह्यू ब्रॅडनर नावाच्या कॅलिफोर्नियातल्या भौतिकशास्त्रज्ञानं लढवलं. अंग कोरडं राहिलंच पाहिजे असं नाही, ऊब टिकली की पुरे, हे त्याचं म्हणणं. आपल्याकडे घोंगडं पांघरून पावसात लावणी करणाऱ्या माणसाला हे वेगळं समजवायला नको. भिजलेलं घोंगडंही ऊब धरतं.

मग जाडी किती? दुकानात आणि डायव्ह सेंटरवर जे आकडे ऐकू येतात ते मिलिमीटरचे. ढोबळ नियम असा. पाणी २८ च्या वर असेल तर पातळ लायक्रा किंवा अर्ध्या बाह्या-अर्ध्या पायांचा २ मिलिमीटरचा "शॉर्टी" बहुतेकांना पुरतो. २५ ते २८ ला अंगभर ३ मिलिमीटर. २१ ते २५ ला ५ मिलिमीटर. त्याखाली ७, हूड, हातमोजे वगैरे, तो आपला विषय नाही. कधी सूटवर "३/२" असं लिहिलेलं असतं. म्हणजे छाती-पाठीला ३ आणि हातापायाला २.

पण हा नियम म्हणजे शिंप्याच्या दुकानातला तयार शर्ट आहे. अंगावर चढवून बघावाच लागतो. माझं स्वतःचं सांगतो. मी किडकिडीत आहे. एप्रिल-मेमध्ये ३० अंशाला मी अंगभर लायक्रा घालतो, आणि ती मुख्यतः उन्हासाठी, जेलीफिशसाठी आणि खडकावरच्या कालवांच्या धारेसाठी. नोव्हेंबर ते फेब्रुवारी अंगभर ३. एका दिवसात तीन डाइव्ह असतील तर ३ च्या आत एक पातळ बनियनवजा निओप्रीन. माझा जोडीदार अंगानं भरलेला आहे, तो जानेवारीतही शॉर्टीत मजेत असतो. दोघंही आपापल्या जागी बरोबर. चरबी कमी असलेला, वयस्कर, थकलेला, रात्री न झोपलेला, उपाशी, आणि हो, रात्रीची उतरली नसलेला, असा माणूस लवकर गारठतो. तेव्हा "मला नाही थंडी वाजत" हे उत्तर फक्त सांगणाऱ्यापुरतं खरं असतं.

एक गोष्ट आपल्या किनाऱ्याची. पावसाळ्यात वाऱ्यानं वरचं पाणी बाहेर लोटलं जातं आणि खालचं गार पाणी किनाऱ्याकडे वर सरकतं. केरळ-कर्नाटकाकडे हे जास्त, आपल्याकडे येईतो कमी होतं, पण होतं. म्हणून सीझन उघडल्यावर सप्टेंबरअखेर-ऑक्टोबरात वर अंघोळीचं पाणी आणि खाली एकदम गार पट्टा, असा प्रकार लागतो. माझ्या मनगटावरच्या कॉम्प्युटरनं एका ऑक्टोबरात वर २९ आणि खाली २५ दाखवले आहेत, तेही एकाच डाइव्हमध्ये. जाळ्यावर जाणाऱ्या आमच्या जुन्या माणसांना हे ठाऊक आहे, ते म्हणतातच, "वयलो पाणी बघून खालचो अंदाज करू नको रे." बाहेरून आलेला मात्र मोबाईलवर समुद्राचं तापमान बघतो. ते पृष्ठभागाचं असतं. सूट निवडायचा तो जिथं जास्त वेळ घालवणार तिथल्या पाण्यासाठी.

दुसरी गोष्ट खोलीची. खाली जाल तसं पाण्याचं वजन सुटावर पडतं आणि ते बुडबुडे दबतात. १० मीटरला दाब दुप्पट, म्हणजे बुडबुड्यांचा आकार निम्मा. २० मीटरला तिप्पट दाब, आकार एक तृतीयांश. दुकानात ३ मिलिमीटर म्हणून घेतलेला सूट खाली ३ राहत नाही. किल्ल्याजवळ पाच-सात मीटरवर पर्यटकांना माशांचं दर्शन घडवताना याचा फार फरक पडत नाही. पण नौदलातून निवृत्त झालेली आयएनएस गुलदार निवतीच्या समुद्रात ठेवून पाण्याखालचं आकर्षण करायचा प्रकल्प आलाय, आणि त्यावर आपण सगळे स्वप्नं रंगवतोय. ते डायव्हिंग किल्ल्यामागच्या डायव्हिंगसारखं नसेल. तिथं हेच फाटके सूट घेऊन जायचं का, हा प्रश्न आत्ताच विचारायला हवा.

आता कुणी म्हणेल, मग सरळ ५ किंवा ७ चा घाला ना, झंझट नको. तेही चुकीचं. निओप्रीन तरंगतं. सूट जितका जाड, तितकं कमरेला शिसं जास्त. पागाला शिसं कमी बसलं तर तो पसरून वरच राहतो, जास्त बसलं तर दगडात जाऊन अडकतो. माणसाचंही तसंच. जाड सूट वर तरंगवतो म्हणून शिसं वाढवायचं, आणि खाली गेल्यावर सूट दबला की तेच शिसं माणसाला खाली ओढतं. नवख्या डायव्हरची अर्धी धांदल इथंच होते. शिवाय मे महिन्याच्या बोटीवर ५ मिलिमीटरचा सूट गळ्यापर्यंत चेन लावून बसणं म्हणजे जिवंतपणी उकडणं. चक्कर आलेली, उलट्या झालेली माणसं मी बघितली आहेत, आणि सगळे म्हणत होते "बोट लागली". बोट नव्हे, ऊन लागलं होतं. सूट कमरेपर्यंतच चढवावा, जागेवर पोचल्यावर वरचा भाग घालावा, मध्ये अंगावर समुद्राचं पाणी मारत राहावं, पाणी पीत राहावं.

जाडीपेक्षाही मोठी भानगड मापाची. सूट कातडीसारखा बसायला हवा. पाठीच्या खळग्यात, काखेत, मानेशी पोकळी राहिली की तापलेलं पाणी प्रत्येक हालचालीला बाहेर आणि गार पाणी आत. पिचकारीच ती. मग ३ काय आणि ७ काय. अंगाला घट्ट बसलेला जुना २ चा सूट ढगळ्या ५ पेक्षा ऊबदार असतो. उलट फार घट्ट असेल तर छाती फुलत नाही, आणि पाण्याखाली श्वास कोंडल्यासारखं वाटलं की माणूस घाबरतो. घालून उकिडवं बसा, हात वर करा, खोल श्वास घ्या. गळ्याशी दोन बोटं सहज जायला हवीत. एवढी परीक्षा काठावर दोन मिनिटांत होते.

आणि सुटाचं वय. सीझनला आमच्या किनाऱ्यावर दोन माडांमध्ये दोरी बांधून सूट वाळत घातलेले दिसतात. भर उन्हात, खाऱ्या पाण्यात भिजलेले, गोड्या पाण्याचा थेंब न लागलेले. दिवसाला दहा माणसं तो सूट घालतात. त्यांनी आत काय काय केलेलं असतं ते लिहीत नाही. गार पाण्यात शिरलं की लघवीला लागतेच, तो शरीराचा धर्म आहे. असा सूट एकदोन सीझनमध्ये कडक होतो, बुडबुडे कायमचे दबतात, शिवण उसवते. लेबलवर ३ लिहिलेलं असतं, अंगावर फक्त काळं कापड असतं.

आता मुख्य मुद्द्यावर येतो. पर्यटक पाण्यात किती वेळ असतो? वीस मिनिटं, जास्तीत जास्त अर्धा तास. गारठला तरी वर येतो, चहा-भजी खातो, फोटो टाकतो. त्याला खाली नेणारा आमचा पोरगा मात्र तसाच पाण्यात असतो. एक गेला की दुसरा, दुसरा गेला की तिसरा. नाताळच्या आठवड्यात सकाळी आठ ते दुपारी तीन. मध्ये बोटीला धरून एक वडापाव.

दांडीवरचा एक पोरगा आहे, बाविशीतला. नाव लिहीत नाही, त्याच्या पोटावर पाय नको. पाण्यात मासळीसारखा. जानेवारीत एका संध्याकाळी भेटला तर शर्टाची बटणं लागत नव्हती. बोटं वळेनात. मी विचारलं, "सूट खंय तुझो?" म्हणाला, "दादा, गिराइकांका पुरे पडनत नाय, माका खयसून?" वर हसून म्हणतो, "सवय झाली. आता थंडी लागणाच नाय."

हे "लागणाच नाय" मला सगळ्यात जास्त बोचलं. थंडी जाणवणं कमी होतं म्हणून शरीर गार होणं थांबत नाही. दिवसभर थोडी थोडी ऊब जात राहते. मधल्या पाच मिनिटांत ती भरून येत नाही, आणि वाऱ्यावर ओल्या अंगानं बसलं की आणखी जाते. आधी बोटं जड होतात. मग चिडचिड. मग डोकं मंद. ज्या माणसानं तुमच्या मुलाचा श्वास, मास्क, नळी, कान, सगळं एका नजरेत ओळखायचं असतं, त्याचं डोकं दुपारी दोन वाजता अर्ध्या सेकंदानं मागे चालत असतं. बटण न लागणाऱ्या बोटांनी तो तुमच्या मुलीचा निसटलेला रेग्युलेटर परत तोंडात देणार आहे. गाईडचा सूट ही गाईडची चैन आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावं.

त्यात दिवसातून दहा-पंधरा वेळा खाली-वर. उथळ पाण्यात रक्तात बुडबुडे होण्याचा धोका कमी असतो, पण वारंवार वर येणं चांगलं नाही हे डायव्हिंगच्या पहिल्या वर्गात शिकवतात. आणि वर येताना अंग गारठलेलं असेल तर धोका वाढतो, हे अमेरिकन नौदलाच्या प्रयोगांतही दिसलं आहे. उद्या हीच पोरं खोल जाणार असतील तर हा विषय आणखी गंभीर होईल.

मालकांची बाजूही मांडतो, कारण तेही आपलेच. बरेचसे गाबीत घरातले, रापण आणि जाळी परवडेनात म्हणून या धंद्यात उतरलेले. दरांची अशी चढाओढ की शेजारच्या बोटीनं शंभर रुपये कमी केले की यालाही करावे लागतात. सूट काही हजारांचा, दोन सीझनमध्ये खलास. आणि गिऱ्हाईक कधी विचारत नाही की सूट कसला आहे. विचारतं ते एवढंच, "व्हिडिओ फ्री आहे ना?" जे कुणी विचारत नाही त्यावर कोण खर्च करणार? त्यामुळे दोष एकट्या मालकावर टाकून मी मोकळा होणार नाही.

लहान मुलांचं वेगळं सांगायला हवं. मुलांचं वजन कमी आणि त्या मानानं कातडीचा पसारा जास्त, म्हणून ती मोठ्यांपेक्षा लवकर गार होतात. आणि आपल्याकडे मुलांच्या मापाचे सूट सगळ्यात कमी असतात. मग मोठ्याच्या सुटाच्या बाह्या दुमडून पोराला घालतात. वर आलेलं पोर गप्प असतं. आई म्हणते, "बघा, किती शांत झाला." ओठ बघा हो, वहिनी. निळे आहेत.

मे २०२२ मध्ये तारकर्लीला स्कूबाहून परतणारी बोट उलटली आणि दोन पर्यटक गेले. त्यानंतर लाइफ जॅकेट, बोटीची क्षमता, परवाने यावर सगळे बोलू लागले. बोलायलाच हवं होतं. पण आपल्याकडे नियमाला जाग येते ती माणूस गेल्यावर. गरम समुद्रातल्या थंडीनं असा ठळक बळी जात नाही. ती बातमी होत नाही. ती एखाद्या "अचानक घाबरला", "हात सुटला", "गाईडचं लक्ष नव्हतं" अशा वाक्यात लपते. म्हणून ती मोजलीही जात नाही.

तर मागणं काय? फार मोठं नाही.

पर्यटकांनो, बुकिंग करताना व्हिडिओच्या आधी तीन प्रश्न विचारा. सूट किती मिलिमीटरचा? माझ्या आणि मुलाच्या मापाचा आहे का? मला नेणाऱ्या गाईडला स्वतःचा सूट आहे का? तिसऱ्याचं उत्तर "नाही" असेल तर दुसरीकडे जा. आणि ज्याच्याकडे नीट सामान आहे त्याच्याशी दोनशे रुपयांसाठी घासाघीस करू नका. ते दोनशे त्याच सुटात जातात. घरी मुलाचा जुना बसणारा सूट असेल तर खुशाल घेऊन या, कुणी हसलं तर हसू द्या.

मालकांनो, प्रत्येक गाईडला त्याच्या मापाचा अंगभर ३ मिलिमीटरचा एक सूट, त्याचाच, दुसऱ्याला न देण्याचा. मुलांच्या मापाचे किमान दोन-तीन. संध्याकाळी गोड्या पाण्यात बुडवून सावलीत, जाड दांडीवर वाळवा. जास्त टिकतील, म्हणजे तुमचाच पैसा वाचेल. आणि गाईडला सलग पाण्यात ठेवू नका. दोन गिऱ्हाइकांनंतर वर, कोरडा टॉवेल, गरम चहा, वाऱ्याच्या आडोशाला बसायला जागा. दोन पोरं पाळीपाळीनं ठेवली की जमतं. काही जण आत्ताही करतात, त्यांचं कौतुक.

परवाने देणाऱ्या यंत्रणेनं तपासणीच्या कागदावर बोट, इंजिन, लाइफ जॅकेटच्या खाली दोन ओळी वाढवाव्यात. गाईडचा सूट, आणि एका गाईडनं दिवसात किती वेळा खाली जायचं. मे अखेर ते ऑगस्ट अखेर धंदा बंदच असतो. त्या काळात सामानाची तपासणी करायला कुणाच्या पोटावर पाय येत नाही. आणि स्थानिकांना सामूहिक खरेदीसाठी हात द्या. शंभर सूट एकदम घेतले तर भाव वेगळा मिळतो, हे कुठलाही दुकानदार सांगेल.

आणि ग्रुपवरच्या आपल्या मंडळींना एवढंच, दर्या आपलो, तो गरम हा हेही खरं. पण त्याच दर्यात आपली पोरं दिवसाचे सहा-सहा तास उभी असतात. पुढच्या वेळी सूट घातलेल्या पाहुण्याचा फोटो आला तर हसा हवं तेवढं, मात्र त्याच फोटोत कोपऱ्यात बिनसुटाचा, हात काखेत घालून बसलेला आपला पोरगा दिसतोय का, तेही बघा.

तुमच्या ओळखीत गाईडचं काम करणारं कुणी असेल तर खाली लिहा, दिवसाला किती फेऱ्या होतात आणि सूट मिळतो का. बोटीचं किंवा मालकाचं नाव नको. आकडे जमले की सगळे मिळून निवेदन देऊ.